वहीचं पहिलं पान

“म्हाताऱ्याचे आकडे उलटे येतात. त्याच्या विहिरी काढूनच टाकू.”

धुळ्याच्या ऑफिसात पाण्याच्या जारपाशी मी बाटली भरत उभी होते. मीटिंगच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बोलल्या त्या धुळ्याच्या संस्थेच्या मॅडम. “हो, तेच सोपं पडेल,” म्हणाले ते आमचे सर. बाटली भरून हातावर पाणी आलं तेव्हा मी नळ बंद केला. मग आत जाऊन माझ्या खुर्चीवर बसले आणि जणू काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने लॅपटॉप उघडला. तो चेहरा मला चांगला जमतो.

म्हातारा म्हणजे कोण ते मला माहीत होतं, पण मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं. माझी त्यांची ओळख फक्त आकड्यांमधून होती. संस्था गावोगावच्या विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवते. शिरपूरकडच्या आणि जळगाव जिल्ह्यातल्या विहिरींमध्ये यंत्रं सोडलेली आहेत, ती आपोआप माप पाठवतात. पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगराळ भागात रेंज मिळत नाही. तिथल्या विहिरी एक माणूस महिन्यातून दोनदा मोटरसायकलवर जाऊन टेपने मोजतो आणि वहीत लिहितो. तो माणूस म्हणजे नाना. पूर्वी ते पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांना वाटून देणारे. तिथून निवृत्त झाल्यापासून गेली पंधरा-सोळा वर्षं ते विहिरी मोजत होते.

माझं काम त्याहून सोपं होतं, निदान मला तसं वाटायचं. जळगावला आमचं लहानसं ऑफिस आहे, तीन खोल्या आणि एक गच्ची. आम्ही संस्थेसाठी एक एजंट बनवत होतो, म्हणजे प्रश्न समजून घेऊन स्वतः उत्तर शोधणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. गावचे ग्रामसेवक आणि पाणी समितीचे लोक मोबाइलवर प्रश्न विचारणार, आणि एजंट साठवलेल्या माहितीतून उत्तर शोधून देणार. माहिती काढायला त्याच्याकडे तीन टूल होती, म्हणजे आकडे आणून देणारे तीन छोटे प्रोग्रॅम. एक पावसाचे आकडे देणारं, एक विहिरींचे, आणि एक कुठलं गाव कुठल्या ओढ्याच्या पाणलोटात येतं ते सांगणारं. ही टूल दुसऱ्यांनी लिहिली होती. प्रत्येक टूल काय करतं, कधी वापरायचं, त्याला काय द्यायचं आणि ते काय परत देतं, याचं एजंटने वाचायचं वर्णन लिहिणं माझ्याकडे होतं.

हे काम मला आवडायचं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, गावाकडच्या नातेवाइकांत खान्देशी. मी तिन्ही ठिकाणी आधी वाक्य मनात जुळवून घ्यायचे आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. लिहिताना तशी घाई नसते. आणि एजंट वाचतो अगदी मन लावून. त्याने विहीर पाहिलेली नसते, धुळं पाहिलेलं नसतं. टूलवर जे वर्णन चिकटवलंय तेवढंच त्याचं जग. माणसाला शंका आली की तो फोन करून विचारतो. एजंट फोन करत नाही. वर्णन वाचतो, खरं मानतो आणि आत्मविश्वासाने उत्तर देऊन मोकळा होतो.

विहिरींच्या टूलसाठी मी एका ओळीचं वर्णन लिहिलं होतं. गावाचं नाव आणि तारखा दिल्या की विहिरीच्या पाण्याची पातळी मीटरमध्ये मिळेल, एवढंच. सरांनी ते वाचून, “बघा, असं आटोपशीर लिहायचं,” असं दोन मुलांना सांगितलं होतं. मी लाजले होते आणि बरंही वाटलं होतं.

त्या दिवशी धुळ्यात चाचणी होती. वेगवेगळ्या गावांचे ग्रामसेवक प्रश्न विचारत होते. शिरपूरकडची उत्तरं बरोबर आली. मग पिंपळनेरकडच्या एकाने विचारलं, “आमच्या सार्वजनिक विहिरीचं पाणी दिवाळीपासून वाढलं की कमी झालं?” एजंटने लिहिलं, पाण्याची पातळी तीन मीटरहून जास्त वाढली आहे, परिस्थिती समाधानकारक आहे. फेब्रुवारी महिना होता. ग्रामसेवक हसला आणि म्हणाला, “मॅडम, मग टँकरचा अर्ज मागे घेऊ का?” खोलीतले सगळे हसले. नंतर नानांची एकेक विहीर विचारून पाहिली. प्रत्येकीचं असंच.

त्यावरूनच मी जारपाशी ऐकलेलं ते वाक्य निघालं होतं. यंत्रं बरोबर, म्हातारा चुकीचा. मॅडम वाईट नाहीत. त्यांना महिनाअखेर हे काम उभं करून दाखवायचं होतं. नानांच्या विहिरी काढल्या तर बाकीचं सगळं नीट चालणार होतं. फक्त ती डोंगरातली गावं एजंटला कधीच दिसणार नव्हती, आणि नानांना मोजायला जायचं कारण उरणार नव्हतं.

परतीच्या एसटीत पारोळ्याच्या आसपास मी सरांना मेसेज केला. समोरच्याच सीटवर बसले होते, तरी मेसेजच केला. “काढण्याआधी मी एकदा त्यांच्याबरोबर जाऊन पाहू का?” सरांनी मागे वळून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, “जा. पण गुरुवारी मॅडमना निर्णय द्यायचाय. दोन परिच्छेदांत कळव.”

सोमवारी रात्री मी धुळ्याला मावशीकडे राहिले आणि मंगळवारी पहाटेच्या गाडीने साक्रीवरून पिंपळनेरला उतरले. नाना स्टँडवर उभे होते. पांढरा सदरा, पायजमा, गळ्यात मफलर, मोटरसायकलच्या हँडलला कापडी पिशवी. मला वाटलं होतं ते वाकलेले असतील. ते माझ्या वडिलांपेक्षा ताठ होते.

“चहा नंतर,” ते म्हणाले. “अकराले लाईट येई. त्याना आत दोन इहिरी कराना शेत.”

मला अर्धं कळलं. उरलेलं त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं, अकराला वीज येते, त्याआधी दोन विहिरी उरकायच्या. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा असते, पुढच्या आठवड्यात रात्री. वीज आली की मोटरी सुरू होतात, मोटरी सुरू झाल्या की पाणी खाली ओढलं जातं. मग मोजलेला आकडा विहिरीचा नसतो, मोटरीचा असतो. म्हणून कुठल्या गावाला कधी जायचं ते नाना विजेच्या वेळापत्रकावरून ठरवायचे. ते वेळापत्रक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेलं होतं आणि पाठही होतं.

मोटरसायकलवर मागे बसून मी मधे माझी सॅक ठेवली. त्यांनी आरशातून ते पाहिलं आणि टाकीला टेकेपर्यंत पुढे सरकून बसले, म्हणजे सॅकला जागा झाली. नंतर वाटेत विचारलं, “ते एजंट एजंट म्हनतस ते काय शे? विमा काढस का तो?”

“नाही हो. कॉम्प्युटरमधला आहे. लोक प्रश्न विचारतात, तो माहिती शोधून उत्तर देतो.”

“त्यानी इहीर देखेल शे का?”

“नाही.”

“तू?”

मी म्हटलं, “लांबून.”

“मंग देख पहिले,” ते म्हणाले, आणि गाडी कच्च्या रस्त्याला घातली.

पहिली विहीर कांद्याच्या शेतात होती. दगडी, गोल, कमरेइतका कठडा. शेतात एक बाई निंदत होत्या, त्या खुरपं घेऊन उठून आल्या. नाना त्यांना अक्का म्हणत होते, जरी त्या त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असतील.

“नाना, आज कोन पाहुनी लई उनात?”

“जळगावनी शे. कॉम्प्युटरवाली.”

“मंग तिले इचारा ना, मनं पानी कोठलोंग पुरी.” आपलं पाणी कुठवर पुरेल ते मला विचारा, असं त्या म्हणत होत्या.

“ती देखाले उनी शे, अक्का. सांगाले नही.”

“ऑफिसना मानसं कधी देखतस? सांगतस आन चालना जातस.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “तुमाले नही बोलनू, ताई. तुम्ही देखा.”

मी कठड्यावरून खाली पाहिलं. खाली आकाशाचा एक तुकडा होता आणि त्यात आमची तीन डोकी. नानांनी माझ्या सॅकचा पट्टा एका हाताने धरला, मला नाही.

त्यांनी पिशवीतून टेप काढली. टोकाला एक जुना लोखंडी नट बांधलेला. टेपच्या शेवटच्या मीटरभर भागावर त्यांनी खडू घासला, दोन्ही बाजूंनी, सावकाश, पाटी पुसावी तसा. कठड्यावर एका जागी गेरूची लाल रेघ होती, आणि तिच्याखाली छिन्नीने केलेली खाच. टेप त्या रेघेवरून खाली सोडत ते मोठ्याने मोजत गेले. बरोबर दहा मीटरचा आकडा रेघेवर आला तेव्हा थांबले, श्वास धरावा तसे थांबले, आणि टेप वर घेतली. खडूचा खालचा भाग ओला होऊन काळा झाला होता. ओला किती ते त्यांनी मला वाचायला लावलं. साठ सेंटिमीटर.

“दहातून साठ गेले,” ते शुद्ध मराठीत म्हणाले. शिकवताना ते नेहमी शुद्ध बोलायचे. “नऊ मीटर चाळीस. पाणी खुणेपासून इतकं खाली आहे.”

मग पुन्हा खडू घासला आणि पुन्हा मोजलं. दोनदा सारखं आलं तरच ते लिहायचे.

“मनी इहीरमा आज दोन परस पानी शे,” अक्का म्हणाल्या. परस म्हणजे उभ्या माणसाइतकं माप. “दिवाळीले चार व्हतं.”

मी गोंधळले. या विहिरीचा नानांचा दिवाळीचा आकडा मला पाठ होता, सहाच्या थोडा वर. आज नऊ चाळीस. त्यांचा वाढला होता, अक्कांचा कमी झाला होता. मी नानांकडे पाहिलं. त्यांना माझ्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला असावा. असं सहसा होत नाही.

“मी रिकामी मोजस,” ते म्हणाले. “अक्का भरेल मोजस. दोन्ही खरं शे.”

मी पुन्हा खाली पाहिलं. पाण्याच्या वर, दगडांवर, ओल्या काळ्या पट्ट्या एकाखाली एक उतरत गेल्या होत्या. त्या कोणालाही वाचता आल्या असत्या. पाणी खाली गेलं की नानांची टेप लांब जाणार, आकडा मोठा होणार. शिरपूरच्या विहिरींतली यंत्रं तळाशी बसून आपल्या डोक्यावर किती पाणी आहे ते सांगतात. त्यांचा आकडा पाण्याबरोबर कमी होतो. दोन्ही आकडे आम्ही एकाच टेबलात, एकाच रकान्यात ओतले होते, आणि वर मी एका आटोपशीर ओळीत लिहिलं होतं, पातळी मीटरमध्ये. कुठून मोजलेली, ते लिहिलं नव्हतं. लिहायला हवं हे मला माहीतच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

नानांनी वही उघडली. लांबट, पुठ्ठ्याची, वर खाकी कागदाचं कव्हर. तारीख, वेळ, पहिलं माप, दुसरं माप, आणि शेवटचा सगळ्यात रुंद रकाना, शेरा. त्यात त्यांनी लिहिलं, ‘मोटर काल संध्याकाळपासून बंद. अक्कांकडून खात्री केली.’

“खात्री म्हणजे?” मी विचारलं.

“तिच्या मोटरीच्या पाइपाला मी हात लावून पाहिला. गार होता पण कोरडा. ती बंद म्हणाली तेही खरं आणि पाइपही तेच म्हणतो. मग लिहायचं.”

मी वही मागितली आणि पहिल्यापासून चाळू लागले. पहिल्या पानावर आकडे नव्हते. शाई थोडी फिकट झाली होती, अक्षर पाटीवर गिरवलेलं असावं असं गोल. ते पान मी तिथेच, कठड्याला टेकून, दोनदा वाचलं. नंतर त्याचा आणि पुढच्या पानांचाही फोटो काढला, म्हणून इथे जसंच्या तसं लिहू शकते.

‘ही वही ज्याने विहीर पाहिली नाही त्याच्यासाठी आहे. यातला आकडा विहीर किती रिकामी आहे ते सांगतो. आकडा मोठा झाला म्हणजे पाणी खाली गेले असे समजावे. माप जमिनीपासून घेतलेले नाही, कठड्यावरच्या लाल खुणेपासून घेतले आहे. खूण जमिनीपासून किती उंच ते प्रत्येक विहिरीच्या पानावर वर लिहिले आहे. कठडा नव्याने बांधला असेल तर तारीख लिहून नवी खूण केली आहे, त्या तारखेच्या आधीचा व नंतरचा आकडा थेट ताडून पाहू नये. मोटर चालू असताना घेतलेल्या मापाभोवती गोल केला आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नये. रकाना रिकामा असेल तर त्या दिवशी मी गेलो नाही. विहीर कोरडी असेल तर कोरडी असे अक्षरात लिहिले आहे. समजले नाही तर अंदाज करू नये, विचारावे.’

मी गेले वर्षभर याच कामाबद्दल इंग्रजीतले लेख वाचत होते. एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं, काय सांगावं, कशाचा इशारा द्यावा. बरेच लेख चांगले होते. पण जे सगळं मला त्यांतून कळायला हवं होतं ते इथे एका पानावर, शाईने, माझ्या नोकरीच्या कितीतरी आधी लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याला आपला वाचक कोण आहे हे पक्कं ठाऊक होतं. न पाहिलेला, पण प्रामाणिक. त्याला चुकू द्यायचं नाही, एवढीच काळजी प्रत्येक वाक्यात होती.

आणि त्यातल्या दोन वाक्यांवर मी बोट ठेवलं. रिकामा रकाना आणि कोरडी विहीर. आमच्या टेबलात दोन्ही ठिकाणी शून्य भरलं होतं. नानांच्या मोजणीत शून्य म्हणजे पाणी थेट खुणेपर्यंत, काठोकाठ. आमचा एजंट मे महिन्यातल्या कोरड्या विहिरी तुडुंब भरलेल्या दाखवत असणार.

“तुम्हाला हे कोणी लिहायला सांगितलं?” मी विचारलं.

“कोन्ही नही. मना आधी जो मोजे त्यानी वही माले दिन्ही. एक महिना माले काहीच समजनं नही. तो वारेल व्हता. इचारू कोनले?” मग मला वारेल हा शब्द कळला नसेल असं वाटून म्हणाले, “म्हणजे तो गेला होता. देवाघरी. म्हणून मी पहिल्या वहीपासून प्रत्येक वहीचं पहिलं पान हेच लिहितो.”

दुसरी विहीर करून, चहा घेऊन, आम्ही परत स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. नाना बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. ऑफिसमध्ये काय चाललंय हे त्यांना माहीत असावं, कारण ते एकदम म्हणाले, “तो तुमना एजंट. तो शेरा वाचस का?”

शेऱ्याचा रकाना टेबलात घ्यायचा नाही असं मीच सुचवलं होतं. मोकळा मजकूर असतो, प्रत्येकाचा वेगळा, त्याने गोंधळ होतो, असं मी कारण लिहिलं होतं. सरांना ते पटलं होतं.

“अजून नाही,” मी म्हटलं.

“हं,” नाना म्हणाले. मला वाटतं ते मला रागावले असते तर सोपं गेलं असतं.

बुधवारी मी सकाळपासून ते वर्णन नव्याने लिहिलं. आता ते एका ओळीचं राहिलं नाही, जवळजवळ पानभर झालं. इंग्रजीत लिहिलं, पण वाक्यांची ठेवण नानांची. हे टूल दोन प्रकारची मापं देतं. टेपने घेतलेलं माप खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली आहे, ते वाढलं तर पाणी कमी झालं. यंत्राचं माप यंत्रावरची पाण्याची उंची आहे, ते वाढलं तर पाणी वाढलं. दोन प्रकार एकमेकांशी ताडू नका. आकडा नसेल तर मोजणी झाली नाही असं सांगा, विहीर कोरडी आहे असं सांगू नका. शेऱ्यात मोटर चालू असल्याची नोंद असेल तर ते माप बाजूला ठेवा आणि बाजूला ठेवलं असं विचारणाऱ्याला सांगा. पाणी किती महिने पुरेल हे या टूलवरून सांगता येत नाही, अंदाज करू नका.

टूल लिहिणाऱ्या मुलाला विनंती करून मापाच्या प्रकाराचा रकाना घालून घेतला आणि शून्यं काढून, विहीर कोरडी असेल तिथे ‘कोरडी’ हा शब्द भरायला लावला. फोटो काढलेल्या पानांवरचे शेरे मी स्वतः टाइप केले. मग एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिला, ग्रामसेवक विचारतील तसा, मॅडम विचारतील तसा, आणि शेवटी भीतभीत, अक्का विचारतील तसा. ‘दिवाळीपाईन पानी वाढनं का?’ एजंटने उत्तर दिलं, नाही, पाणी तीन मीटरहून अधिक खाली गेलं आहे. माप लाल खुणेपासून घेतलेलं असून त्या वेळी मोटर बंद होती. हे वाचून मी गच्चीवर जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

काय काय बदललं ते मी सरांना मेलवर कळवलं. चूक वर्णनात होती असं चौथ्या ओळीत लिहिलं. पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

गुरुवारी धुळ्याला मीटिंग होती. जुन्या वह्या स्कॅन करायच्या आहेत म्हणून मी नानांनाही बोलावलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले, पायाशी ती कापडी पिशवी आणि आणखी एक, दोन्ही वह्यांनी भरलेल्या. सरांनी पडद्यावर तेच प्रश्न विचारून दाखवले. पिंपळनेरकडची सगळी उत्तरं बरोबर आली.

“अरे वा,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे नानांना नीट समजावून सांगितलंत वाटतं, कसं लिहायचं ते.”

सर म्हणाले, “हो, आमची मुलगी जाऊन आली परवा.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी मेल पूर्ण वाचला नव्हता, एवढंच. आणि त्या क्षणी मला वाटलं, ठीक आहे. नानांच्या विहिरी राहणार, उत्तरं बरोबर येणार, मला काही बोलावं लागणार नाही. मी वहीत पेनाने एक चौकोन काढायला घेतला.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “मग नानांचे आकडे या महिन्यापासून घेऊ. आधीचे नकोत. आधीच्यांवर विश्वास ठेवता येणार नाही ना आता.”

नानांनी पिशवीतून एक वही अर्धी बाहेर काढली होती. ते म्हणाले, “मॅडम, जुन्या वह्यांमध्ये पण…”

“नाना, तुमचं काम चांगलंच आहे हो. कोणी नाही म्हणत नाही. पण आधीचं राहू द्या.”

“माले जे दिसनं ते मी लिखं,” नाना म्हणाले, पण ते स्वतःशीच. त्यांनी वही पुन्हा पिशवीत ढकलली आणि पिशवी खुर्चीखाली सरकवली. मॅडमनी पुढचा मुद्दा काढला.

मी काहीतरी म्हटलं. इतकं हळू की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसावं. पण मॅडम थांबल्या. “काय गं? काही म्हणालीस का?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझं वाक्य जुळलेलं नव्हतं. कुठल्या भाषेत सुरू करावं तेही ठरलं नव्हतं. मी उभी राहिले, कारण शाळेत उत्तर द्यायचं तर उभं राहावं लागायचं, आणि मराठीत म्हणाले, “मॅडम, नानांना मी काहीच समजावलं नाही. त्यांनी काहीच बदललेलं नाही. त्यांचे आकडे पहिल्या वहीपासून बरोबर आहेत. टूलचं वर्णन मी लिहिलं होतं, ते चुकीचं होतं. आपल्याला त्यांच्या सगळ्या वह्या घ्यायच्या आहेत.”